पोटखराब

सहा आठवडे. मानधन नाही, प्रवासखर्च ज्याचा त्याने.
अर्जावर पालकाची सही लागत होती.
"नान्नजला? काय आहे तिथं? गवत."
नान्नांनी मागाशेजारीच सही केली,
कागदावर खळीचा अंगठा उमटला.

तिथं खरंच गवत होतं.

मला मिळालं ते असं :
पाइपांची एक चौकट, मीटर बाय मीटर,
एक नोंदवही, दोन शिसपेन्सिली
(पेनची शाई दवात फुटते),
आणि महिबूबकाका, रोजंदारीवर चोवीस वर्षं,
पायात टायरची चप्पल, खिशात चुना.

चौकट टाकायची, वाकायचं,
आत काय काय उगवलंय ते लिहायचं.
पवन्या. मारवेल. शेडा. कुसळी.
पहिल्या दिवशी मी लिहिलं होतं : गवत, गवत, गवत, गवत.
काका हसले नाहीत.
"कालिजात पोरींना नावं नसत्यात का?"

चौकटीतली सुतळी ढिली पडायची.
मग घरून एक कांडी उचलली, टॉवेलचा निळा धागा,
नान्नांना न विचारता;
दहा उभे पट्टे केले, दहा आडवे.
त्यानंतर माळ शंभर घरांत दिसू लागला,
आणि प्रत्येक घरात कुणीतरी राहत होतं.

पलीकडच्या गटाचा सातबारा काकांनी दाखवला,
प्लास्टिकच्या पिशवीत घडी घालून ठेवलेला.
लागवडीयोग्य अमुक, आणि खाली :
पोटखराब.
मी तो शब्द मोठ्यानं वाचला.
तेवढ्यात त्या खराब पोटातून
एक चंडोल सरळ वर गेला, गातच गेला,
आणि बराच वेळ खाली यायचं नाव घेईना.

संध्याकाळी मचाणावर. चार ते अंधार पडेपर्यंत.
रकाने छापलेलेच होते :
काळवीट एकोणीस. धाविक चार.
लांडगा एक, मेंढरांकडे पाठ करून बसलेला.
माळढोक.
तिसऱ्या दिवशी मी तिथं रेघ मारली, कंटाळून.

काकांनी वही ओढून घेतली.
"रेघ नगं. शून्य लिव्ह.
रेघ म्हंजी आपण बघितलंच नाय.
शून्य म्हंजी डोळं फुटस्तवर बघितलं,
अन् नव्हता."

नंतर कधीतरी, न विचारता,
त्यांनी तोंडापुढं हाताची ओंजळ धरली
आणि एकदाच आवाज काढला. घुम्म.
लांबवर एका काळविटानं मान वर केली.
"असा," म्हणाले, आणि चुना मळत बसले.

घरी रोज रात्री अम्मा माझ्या सलवारीतली कुसळं वेचायची,
तेलुगूत माळाला शिव्या द्यायची.
एक तिच्या नजरेतून सुटलं, मागापर्यंत पोचलं,
आणि टॉवेलात विणलं गेलं.
तपासनिसानं तो बाजूला टाकला : सेकंड.
नान्नांनी घरी आणला. अंग पुसताना टोचतो.
तरी तोच घेतात.

प्रमाणपत्र आलं. माझ्या आडनावात एक चूक,
कोपऱ्यात माळढोकाचं चित्र, ऐटीत छाती फुगवलेलं.
नान्नांनी विचारलं, "किती दिसले हे?"
"एकपण नाही."
"मग सहा आठवडे काय लिहिलंस?"

मी वही उघडून तो रकाना दाखवला.
त्यांनी चष्मा लावला,
कापडात तुटलेला धागा शोधतात तसं
वरून खाली बोट फिरवत गेले,
शून्य, शून्य, शून्य,
आणि एका जागी थांबले.
"इथं काय झालं?
कागद खरबरीत लागतोय."

इथं, नान्ना,
मी आधी रेघ मारली होती.